उंबरा आडवाच असतो, वन्सं

वन्सं, तुमचा फळा अजून कुणी पुसलेला नाही. रोह्याच्या तुमच्या शिकवणीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी कुणाला आत जाऊ देत नाही. फळ्यावर दोन अक्ष आहेत आणि डावीकडून आलेली एक रेघ. ती थोडी खाली उतरते, पोट काढते, मग वर चढू लागते आणि आडव्या अक्षाच्या अगदी जवळ येऊन थांबते. पुढे नुसता काळा फळा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, खडू तुटला असेल. तुटला नव्हता. तुमच्या बोटांत अख्खा होता.

लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलतायत. गणिताच्या बाई, कडक पण मायाळू, किती मुलं घडवली. बोलू देत त्यांना. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यात राहिलं, आणि सौदा अर्ध्यात टाकून उठणाऱ्याला आमच्या धंद्यात नाव ठेवतात.

माझी तक्रार तुम्हाला पाठ आहे, तरी परत सांगते. तुमचा भाऊ गेला तेव्हा प्राची कडेवर होती. मी धरमतरच्या मिठागरावर वाढलेली, आठवीत शाळा सुटलेली. मला दोनच गोष्टी येत होत्या, उन्हात उभं राहणं आणि घासाघीस करणं. पेणमध्ये त्यावर पोट भरायचं तर गणपतीचा धंदा. म्हणून मी घराच्या पुढच्या दोन खोल्या कारखान्याला घेतल्या. जिथे सासूबाईंची चूल होती तिथे मांडणी ठोकली आणि कच्च्या मूर्ती वाळायला ठेवल्या. तुम्ही अंगणात उभ्या होतात. चुलीच्या जागी मांडणी बघितलीत आणि म्हणालात, "आईची चूल होती तिथून हे हलव. तोवर मी या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मी म्हटलं, "नका येऊ." तुम्ही रोह्याला निघून गेलात.

मला काय हवं होतं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही आत यावं, मी काय उभं केलं ते बघावं आणि म्हणावं, बरं केलंस कुंदा. एवढंच. बाकी सगळ्या पेणने म्हटलं. त्यांच्या म्हणण्याची मला किंमत नव्हती. ते घर त्यांचं नव्हतं, तुमचं होतं.

तुम्ही येणं थांबवलं नाहीत, हीच तर गंमत. आधी आपण नागोठण्याच्या फलाटावर भेटायचो. तुम्ही रोह्याहून, मी पेणहून प्राचीला घेऊन. बाकावर डबा उघडायचा, पुढची गाडी आली की उठायचं. मग एका वर्षी तुम्ही पेण स्टेशनापर्यंत आलात. नंतर बाजारापर्यंत, नंतर आमच्या आळीच्या तोंडापर्यंत. मग अंगणात. गुडघा गेल्यावर हातात काठी आली, तरी आलात. अंगणात पायरीजवळ खुर्ची टाकून बसायचात आणि चहा बाहेर मागायचात. तुम्ही गेल्यावर मूर्ती घासल्याच्या पांढऱ्या धुळीत काठीच्या खुणा राहायच्या. काठीखालचं रबर मधून झिजलं होतं, त्यामुळे खूण म्हणजे नुसतं गोल कडं, आत काही नाही. ती कडी फाटकापासून पायरीपर्यंत यायची, दर खेपेला जरा पुढे, आणि उंबऱ्याच्या अलीकडे संपायची.

ठमाबाई, मूर्तींचं घासकाम करते ती, एकदा झाडू हातात घेऊन त्या कड्यांकडे बघत म्हणाली, "बाय, तुजी ननंद येते का जाते, कलत नाय. सगली पावलं येतानाची, जातानाचं एक बी नाय."

"जाताना त्याच कड्यांवर काठी टेकवतात त्या. शिस्तीच्या आहेत," मी म्हटलं. ठमाबाईला ते पटलं नाही. ती अंगणाचा तेवढा भाग तुम्ही गेल्यावर लगेच झाडत नसे.

माझी धंद्याची एक रीत आहे. समोरच्याच्या दरावर कधी जायचं नाही. मधे जेवढं अंतर असेल त्याचं अर्धं चालायचं. मग उरलेल्याचं अर्धं. मग त्याचं अर्धं. समोरच्याला वाटतं, बाई येते आहे. शेवटी तो कंटाळतो आणि उरलेलं तोच चालून येतो. मुंबईचे, पुण्याचे व्यापारी मी असेच दमवले. तुम्ही माझीच रीत माझ्यावर चालवताय हे कळायला मला तुमच्या वर्गात येऊन बसावं लागलं.

प्राची अकरावीला गेली तेव्हा तिला तुमच्याकडे ठेवली. तेही मला सोपं गेलं नाही. घर नाकारलंत आणि घरातली पोर घेतलीत, असं मी तोंडावर म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, "पोर हुशार आहे. गणित तिला दर पाडून मिळणार नाही." रविवारी तिला आणायला यायचे तेव्हा वर्ग संपलेला नसायचा, म्हणून मागच्या बाकावर बसायचे. त्या दिवशी तुम्ही एक भागिले एक्स काढत होतात.

"एक्स वाढत जाईल तशी ही रेघ खाली येईल. अक्षाच्या जवळ येईल. आणखी जवळ येईल. पण टेकणार नाही. ज्या रेषेच्या अशी जवळ जवळ जाते ती असिम्प्टोट. मराठीत अनंतस्पर्शी."

"कधीच नाही टेकणार?" मी मागून विचारलं.

"ही कधीच नाही."

"मग येते कशाला एवढी? असं गिऱ्हाईक असतं. दारात उभं राहून दर विचारतं, घेत काही नाही."

मुलं हसली. तुम्ही खडू खाली ठेवलात. "कुंदा, बाहेर बसतेस का?"

"बाहेर बसायची सवय तुम्हाला, वन्सं."

मग कुणी हसलं नाही. प्राचीने मान खाली घातली. तुम्ही वळलात, फळ्यावर नवीन अक्ष काढलेत आणि इतक्या शांतपणे शिकवू लागलात की मला माझीच लाज वाटण्याऐवजी आणखी राग आला. पण त्या रागात मी ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता मला ते समजू लागलं. ते समजणं तुमच्यामुळे, हे कबूल.

वरची संख्या शून्य झाली की रेघ आडव्या अक्षाला छेदते. खालची शून्य झाली की तिथे उभी भिंत. त्या भिंतीपाशी रेघ आभाळात जाते नाहीतर पाताळात, पण भिंतीवर तिचा एकही बिंदू नसतो. हे मला लगेच पटलं. सौद्यात वरचं शून्य म्हणजे काही हाती लागलं नाही, तरी सौदा झाला. खालचं शून्य म्हणजे सौदाच नाही, दुकानच नाही. एक्सच्या जागी शून्य घातलं की उभ्या अक्षाचा छेद मिळतो, हे प्राचीच्याही आधी मी बोटांवर काढून दाखवलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून किंचित मान हलवलीत. ती मान मी घरी घेऊन आले, वन्सं.

एका रविवारी मात्र मी घाबरले. वर कंसात एक्स वजा दोन, गुणिले कंसात एक्स अधिक एक, खाली एक्स वजा दोन. तुम्ही वरचं खालचं कापलंत आणि साधी सरळ रेषा काढलीत. मग दोनावर आलात, तिथली रेषा बोटाने पुसलीत आणि एक छोटं गोल कडं काढलंत. आत काही नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"भोक. दोन घातले तर वरही शून्य, खालीही शून्य. तिथे फलनाला किंमत नाही. रेषा अलीकडे आहे, पलीकडे आहे, इथे नाही. म्हणून पोकळ ठिपका."

"कापलंत ना पण? कापलं की संपलं."

"कापलं तरी जागा विसरत नाही ती."

मला तुमच्या काठीची कडी आठवली. बाहेर ऊन होतं, वर्गात चांगली पंधरा-वीस मुलं होती, तरी मी उठून उभी राहिले. मी प्राचीला म्हटलं, चल, गाडी चुकेल. गाडीला वेळ होता.

आता शेवटचं भांडण. प्राची सुट्टीत पेणला आली होती आणि ओसरीवर बसून गणितं करत होती. तिने एक आलेख काढला. तुटक रेषेने असिम्प्टोट दाखवली होती आणि वक्र रेघ सरळ तिच्यावरून पलीकडे गेली होती. मी थांबले.

"हे चुकलं तुझं."

"नाही गं आई. आडवी असिम्प्टोट ओलांडता येते."

"तुझी आत्या म्हणाली होती, कधीच नाही."

"ती एक भागिले एक्सचं म्हणाली होती. तू ते सगळ्यांना लावलंस."

मी हात धुतले आणि तुम्हाला फोन लावला. ते संभाषण मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यानंतर तुमचा शब्द मी ऐकला नाही.

"वन्सं, तुम्ही मला फसवलंत."

"कशात आता?"

"आडवी ओलांडता येते म्हणे."

"येते. उभी नाही येत. आडवी मधे कुठेतरी ओलांडली तर काही बिघडत नाही. असिम्प्टोट टोकाचं सांगते, मधलं नाही."

"मग मला एवढंच सांगा. उंबरा उभा असतो की आडवा?"

फोनमधून तुमच्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"कुंदा, तू सौदा करतेयस."

"मी भूमिती विचारतेय."

"लहानपणी मी तो रोज ओलांडलाय. शाळेतून आले की पळत."

"ते मधलं झालं. टोकाचं सांगा."

पुन्हा पंखा. मग तुम्ही हसलात, की खोकलात, मला नीट कळलं नाही. "फोनवर नको. उद्या मुलांना तेच उदाहरण घेते. प्राची सकाळच्या गाडीने येईलच. तू दुपारी ये. फळ्यावर दाखवते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीत होते. कासू स्टेशनात गाडी उभी असताना प्राचीचा फोन आला. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "आई, आत्या खुर्चीत बसलीय. उठत नाहीय."

नंतर तिने मला सगळं सांगितलं. तुम्ही वर एक्स, खाली एक्सचा वर्ग अधिक एक, असं लिहिलंत. मुलांना म्हणालात, इथे आडवा अक्ष हाच असिम्प्टोट आहे आणि ही रेघ त्यालाच छेदते, कुठे ते बघा. डावीकडून रेघ ओढत आणलीत. शून्याच्या जवळ आलात आणि हात थांबला. तुम्ही दाराकडे बघितलंत, कुणी हाक मारल्यावर बघतो तसं, आणि म्हणालात, "आले गो, आले." मग खुर्चीत बसलात.

दारात कुणी नव्हतं. मी कासूला होते. आणि गो म्हणून तुम्ही आयुष्यात मला हाक मारली नव्हती. प्राची म्हणते, तिच्या लहानपणी तुम्ही सांगितलं होतं, सासूबाई तुम्हाला चुलीपासून अशीच हाक मारायच्या. ये गो, जेवायला ये. आणि तुम्ही अंगणातून असंच उत्तर द्यायचात.

रोह्याला दिवस केले. तुम्ही जिथे गेलात तिथे दिवा लावला, खाली पीठ पसरलं, टोपली झाकली. गेलेल्या माणसाचं पाऊल उमटतं म्हणतात. सकाळी चुलत सासूबाईंनी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. "सुटली हो," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं. माझ्याशी बोलणं बाकी असताना तुम्ही सुटता कशा, असं मनात आलं. त्या पिठाचाही राग आला.

पेणचा कारखाना मी बंद ठेवला. सुतकात मूर्तीला हात लावत नाहीत. सीझन जवळ आला होता, आखणी सुरू व्हायची होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, सगळ्यात शेवटचं काम. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले. एक जुना व्यापारी म्हणाला, "ताई, नणंदच ना? तीन दिवस पाळा आणि सुरू करा. लेकी-बाळींचं एवढं कोण धरतं?"

मी त्याच्यावर ओरडले. लग्न झालेली लेक सासरची. तुमचं लग्न झालं नव्हतं, म्हणजे तुम्ही या घरच्या. या उंबऱ्याच्या. तुम्ही स्वतः नाही म्हणालात तरी सुतकाने ते ठरवून टाकलं होतं. तेराव्यापर्यंत कुलूप राहील, असं मी सांगितलं. व्यापारी दहा दिवसांवर आला, मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धं अंतर चालले नाही.

कुलूप काढलं तेव्हा सकाळ होती आणि ठमाबाई माझ्याबरोबर होती. बंद कारखान्यात घासकामाची धूळ खाली बसते. आमची जमीन म्हणजे बारा महिने पसरलेलं पीठच. ती एकसारखी पांढरी होती. मिठागरावर पाणी आटल्यावर पहिला पापुद्रा धरतो, तशी. कुणाचं पाऊल नाही, उंदराचं नाही, पालीचं नाही. दोन्ही बाजूंच्या मांडण्यांवर मूर्ती, सगळ्यांची तोंडं दाराकडे, आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

आधी ठमाबाईला दिसलं. तिने माझा दंड धरला.

सासूबाईंची चूल होती तिथे, मांडणीच्या पायाशी, धुळीत एक गोल कडं होतं. एकच. उंबऱ्यापाशी नाही, वाटेत नाही. येतानाचं नाही, जातानाचं नाही. नुसतं तिथे, आत काही नाही.

"डब्याचं असल," ठमाबाई म्हणाली. पण डबे दुसऱ्या खोलीत होते आणि ते तिनेच ठेवले होते. मग ती हळू म्हणाली, "कोनाला इचारनार बाय? डोलं तर कोनालाच काडलं नाय."

तुमची काठी रोह्याला कपाटामागे आहे, मीच ठेवली. प्राची आदल्या दिवशी पेणला आली होती आणि घराच्या चाव्यांचा जुडगा तिच्याकडे होता, हेही खरं. धुळीत पाऊल न उमटवता ती तिथवर कशी जाईल, हे मला सांगता येत नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, तिला तुमचं वळण आहे. म्हणून मी विचारत नाही.

मी मांडणी हलवली नव्हती, वन्सं. तुमची अट मी पाळली नव्हती. उरलेलं अंतर तुम्हीच चाललात. माझ्या रीतीने सौदा मी जिंकला, आणि त्या कड्यापुढे उभी असताना मला समजेना की आता हे जिंकलेलं ठेवायचं कुठे. ठमाबाई झाडू घेऊन दारात थांबली होती. मी तिला तेवढी जागा सोडून झाडायला सांगितलं. मांडणी दुपारी माणसं लावून हलवली, दुसऱ्या भिंतीला. चुलीची जागा मोकळी आहे. त्या कड्यावर रोज नवी धूळ बसते आणि कडं तरीही दिसतं, निदान मला दिसतं.

आखणी मी अजून सुरू केलेली नाही. व्यापारी ओरडतायत. पण डोळे काढले की एवढ्या सगळ्यांदेखत तुम्हाला परत यायला जड जाईल, असं माझं मन म्हणतं. त्या दिवशी आत बघणारं कुणी नव्हतं. बघितलं असेल तर तुम्हीच. मूर्ती बघितल्यात, वरच्या मांडणीवरचे मोठे गणपती बघितलेत, भिंतीला मी स्वतः दिलेला गिलावा बघितलात. मग म्हणालात का, बरं केलंस कुंदा? मला ऐकू आलं नाही. बारा दिवस कुलूप होतं. कधी म्हणाल्या असाल कुणास ठाऊक.

रविवारी मी रोह्याला जाणार आहे, प्राचीला घेऊन. फळा पुसायला नाही. मी करून बघितलं आहे. एक्सच्या जागी शून्य घातलं की वर शून्य, खाली एक. किंमत शून्य. तिथे भिंत नाही, भोक नाही, भरीव ठिपका आहे आणि रेघ त्यातून पलीकडे जाते. पलीकडे ती वर चढेल, मग उतरू लागेल, अक्षाच्या जवळ येईल, आणखी जवळ येईल, आणि फळा संपेपर्यंत पुन्हा टेकणार नाही. तुमच्या बोटांतला खडू मी पदराला बांधून ठेवला आहे. तुम्ही थांबलात तिथून शून्यापर्यंत बोटभर जागा आहे. तेवढं अंतर, वन्सं, मी सगळं चालते.